मंगळवारी, पाळी संपल्यावर

हात तीनदा धुतले तरी वास जात नाही.
तोच अंगावर घेऊन आम्ही ग्रंथालयाचा जिना चढतो,
फ्रेझरबर्गमध्ये, साडेसहाला,
आणि एल्स्पेथबाई खिडकी उघडत नाहीत.
एवढ्यासाठीसुद्धा मी येत राहिलो असतो.

टेबलावर आठ डबे. आइस्क्रीमचे, धुऊन घेतलेले.
प्रत्येकावर चिकटपट्टी: नाम, सर्वनाम, क्रियापद, पुढची मला अजून वाचता येत नाहीत.
मधोमध कापलेल्या कागदांवर शब्दांचा ढीग.
"निवडा," म्हणतात बाई.

निवडणं आम्हाला येतं.
पट्ट्यावरून हॅडॉक सरकत येतो, कॉड येतो,
डोळ्यांच्या आधी बोटं ओळखतात.
पण कॉड एकदा कॉड ठरला
की पेटीत, बर्फात, पार ताटापर्यंत कॉडच.
इथं 'फिश' मी नामात टाकला
तर बाईंनी चिमटीत धरून क्रियापदात नेऊन सोडला.
"होडी बंदराबाहेर पडली," म्हणाल्या,
"की हाच शब्द राबायला लागतो."

म्हणजे शेजारी कोण बसलंय ते बघून
शब्द आपली जात बदलतो
आणि त्याला कुणी काही म्हणत नाही.

मी क्लायपेदाचा. आमच्याकडे घर
स्वतःच शेवटच्या अक्षरात वाकून सांगतं
की माणूस आत आहे.
इंग्रजीत घर ताठ उभं,
आणि दारात 'इन', 'ॲट', 'टू' ही बारकी पोरं
राखण करत बसलेली.
चौदा वर्षं त्यांना न विचारता ये-जा केली.
'आय गो हाऊस.' मुकादमाला कळायचं. कुठं अडलं नाही.
अडलं ते नातीपाशी. ती इथलीच, पाच वर्षांची.
माझं वाक्य मध्येच थांबवते,
सांडलेला 'द' शोधून आणते
आणि तळहातावर ठेवते, शिंपला सापडल्यासारखा.

केवलप्रयोगीचा डबा जवळजवळ रिकामा.
खरं तर आमची सुरुवातच तिथून झाली होती:
'ओय', 'हे',
आणि पट्टा अडकला की मुकादम जे ओरडतो ते.
अब्देलमोनिमनं ते एका चिठ्ठीवर लिहून गुपचूप आत टाकलं.
बाईंनी उघडून वाचलं,
स्पेलिंग दुरुस्त केलं,
परत डब्यात ठेवलं.

मग निघाला 'लेफ्ट'.
बाईंनी एक हात वर केला: हा लेफ्ट, विशेषण.
खिडकीबाहेर बोट: सातची बस लेफ्ट, क्रियापद.
बिस्किटांचा डबा वाकडा करून दाखवला:
आत दोन, लेफ्ट.
"आता वाक्य करा."

लेतेब्रहान कधी बोलत नाही.
पाळीत माझ्यासमोर उभी असते, सुरी माझ्यापेक्षा जलद,
पण चार महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.
ती म्हणाली,
"टू ब्रदर्स. लेफ्ट."

बाई थांबल्या.
"गेले," हळूच विचारलं, "की उरले?"

लेतेब्रहाननं कागद उचलला.
क्रियापदाच्या डब्यावर धरला,
मग विशेषणाच्या.
मग टेबलावरच ठेवला, पालथा,
आणि वर आपला हात.

भिंतीवरचं घड्याळ बंद असतं हे मला त्या दिवशी कळलं.
बाईंनी व्याकरणाचं पुस्तक मिटलं,
बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला.
तिनं एक खाल्लं.
उरलेलं कागदी रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवलं.

खाली आलो तेव्हा आठची बसही गेली होती.
समुद्र डाव्या हाताला ठेवून
आम्ही दोघं चालायला लागलो.